घर दाखवताना मालक नकोत

सोमवार, ४ तारीख

ताईने दिलेल्या वहीचं आज उद्घाटन. नवं गाव, नवी नोकरी आणि पहिल्याच दिवशी विकायला आख्खं घर! साहेबांनी किल्ल्यांची जुडी टेबलावर आपटली आणि म्हणाले, आधीच्या तिघांनी या घरापुढे हात टेकलेत, बघा तुम्हाला जमतं का. दोन महिन्यांत विकलं तर नोकरी पक्की, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मी मनात म्हटलं, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली आहेत मी दारोदार, कुत्री मागे लागलेली असताना. घर तर बिचारं जागेवर उभं असतं.

संध्याकाळी बघून आले. बैठं, भरपूर उजेडाचं घर. तीन पायऱ्या, बाहेरची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर. कुठे ओल नाही, तडा नाही. मालक म्हणजे सत्तरीचे काका आणि काकू, अगदी गोड माणसं. मुलगी लांबच्या गावी असते, तिच्याकडे कायमचं राहायला जायचंय म्हणून विकतायत. दाराशी दोघांच्या चपला एका रांगेत, टोकं बाहेरच्या बाजूला, आत्ता निघायचं असल्यासारख्या. काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. काका मधल्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीतूनच हात हलवत होते.

ताईला फोन करून सांगितलं, तुझी धाकटी या वेळी नाव काढणार.

बुधवार, ६ तारीख

गोड वगैरे सगळं मागे घेते.

आज सल्ले द्यायला गेले होते. साधे असतात आमचे सल्ले. पसारा आवरा, भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिऱ्हाईक येईल तेव्हा मालकांनी घरात थांबायचं नाही. मालक समोर बसलेला असला की माणसं संकोचतात. कपाटं उघडत नाहीत, मोकळेपणी बोलत नाहीत, बघितल्यासारखं करतात आणि पळतात. फोटो उतरवायला काका तयार. पसारा आवरायला तयार. घराबाहेर जायचं म्हटल्यावर मात्र नाही म्हणाले. दोघांपैकी एकजण घरात राहणार. का, तर राहणार! बरं, ती वेताची खुर्ची तरी हलवा म्हटलं, मोडायला आलीये आणि नेमकी वाटेत आहे. तेही नाही.

वर त्यांची मागणी काय, तर जाहिरातीत लिहा, हे घर क्षणभरही रिकामं ठेवता येणार नाही, आत सतत एक माणूस लागेल. मी कपाळावर हात मारला. विचारलं, चोऱ्या होतात का इथे? म्हणाले, चोर आला असता तर सुटलो असतो. काकूंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते लगेच उठून फोटो उतरवायला लागले.

शनिवार, ९ तारीख

पहिलं गिऱ्हाईक. नवरा-बायको आणि दोन मुलं. बाई आल्या आल्या पडद्यांचे रंग ठरवायला लागली. म्हटलं, जमलं! तेवढ्यात खुर्चीतून काकांनी विचारलं, तुमच्यात घरी सतत कोणीतरी असतं ना, सतत म्हणजे अगदी सतत? दोन मिनिटांत मंडळी पायऱ्या उतरून गेली.

मी काकांना बोलले. वयाचा मान ठेवून, पण बरंच बोलले. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाले, पोरी, न सांगता कुणाच्या गळ्यात मारणं मला जमायचं नाही. अरे, मग विकूच नका ना! माझ्या डोक्याला कशाला ताप?

काकू स्वयंपाकघरात होत्या, काका बाथरूममध्ये गेले, तेव्हा मी ती खुर्ची उचलून बाहेर पायऱ्यांवर नेऊन ठेवली. कोणी बसलेलं नसताना बैठक गरम लागली. आत वळले, तर खुर्ची मधल्या खोलीत, होती तिथेच. काका अजून बाथरूममध्ये होते, नळाचा आवाज येत होता. उन्हातून वणवण झाली होती आणि जेवणही राहिलं होतं. होतं असं कधीकधी.

मंगळवार, १२ तारीख

काकूंनी आज मला स्वयंपाकघरात बसवून मन मोकळं केलं. नातू पाच वर्षांचा झाला, काकांनी त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही. लेकीच्या लग्नाला काकू एकट्या, बाळंतपणाला काकू एकट्या. एकतीस वर्षांत ही दोघं मिळून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेलेली नाहीत. मी विचारलं, मग नातवालाच इथे का नाही आणत? तर म्हणाल्या, लेकरू धावत आत शिरतं, आणि आपण नेमके बाहेर असलो तर?

मग म्हणाल्या, हे घर एका बाईकडून घेतलं होतं. किल्ल्या द्यायच्या दिवशी ती म्हणाली, जरा बसा, भाजी घेऊन येते. काकू त्या खुर्चीत बसल्या. बाई परत आलीच नाही. सामान घेऊन काका आत येईपर्यंत काकूंना उंबरा ओलांडता येईना. तेव्हापासून एकजण आत असला तरच दुसऱ्याला बाहेर जाता येतं.

मला रडू आलं आणि रागही आला. घराला काही झालेलं नाही. भीतीने एकमेकांना कोंडून घेतलंय या दोघांनी. एकदा दोघांना मिळून बाहेर काढलं की डोक्यातलं खूळ आपोआप जाईल.

शुक्रवार, १५ तारीख

साहेबांचा निरोप: रविवारी पक्कं गिऱ्हाईक येतंय, मालक घरात दिसले तर तुम्ही ऑफिसात दिसू नका.

काका-काकूंकडे गेले. सरळ सांगितलं, रविवारी दोघंही बाहेर. काका नाही म्हणाले. पाच वेळा. मी मोजलं! नुसता नन्नाचा पाढा. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमच्या घराला एक माणूस हवाय ना? मग मी बसते!

काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. काका पुन्हा नाही म्हणणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, बसू दे की, ती स्वतःहून म्हणतेय. काका भिंतीकडे तोंड करून बसले. मी निघताना काकांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, मला सगळं आधी सांगितलं होतं म्हणून. ठोकली सही. घ्या!

रविवार, १७ तारीख

जिंकले! अकराला दोघं निघाली. काकूंच्या हातात फक्त एक पिशवी. काकांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, परत आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. काकूंनी त्यांना दंडाला धरून ओढून नेलं. फाटकाबाहेर पडल्यावर काकू धावायला लागल्या. सत्तरीची बाई चक्क धावत सुटली.

खुर्चीत बसून लिहितेय. छान ऊबदार आहे.

तीन वाजले. गिऱ्हाईकाची गाडी बंद पडली, येत नाहीत. काका-काकूंचाही पत्ता नाही. कंटाळा आला, चौकात जाऊन येते.

साडेतीन. दार सताड उघडं आहे. समोर रस्ता दिसतोय. पाय उचलत नाहीये.

सोमवार, १८ तारीख

पायाला मुंग्या आल्यात म्हणून अर्धा तास चोळत बसले होते. मूर्ख कुठली. मागच्या दारानेही तेच. उंबऱ्याशी आलं की पाय फरशीला चिकटतात.

साहेबांना सांगितलं. हसले. म्हणाले, राहा तिथेच, बंद घरापेक्षा राहतं घर चांगलं दिसतं.

काकूंना फोन लावला. मागे लहान मूल खिदळत होतं. काकांनी फोन घेतला, ते रडत होते. म्हणाले, मी येतो पोरी, आजच्या गाडीने निघतो — मग काकूंचा आवाज. म्हणाल्या, तुला सगळं सांगितलं होतं. फोन ठेवला. आता लागत नाही.

बुधवार, २० तारीख

डबा द्यायला माणूस आला. प्यायला पाणी मागितलं आणि आत यायला बूट काढू लागला. एक पाऊल टाकलं असतं त्याने तर मी —

दार लावलं, त्याच्या तोंडावर. मग स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. चांगुलपणा नडतो तो असा.

गुरुवार, २१ तारीख

खुर्ची दाराबाहेर भिरकावली. वळले. जागेवर. गरम.

मी उभी असते तेव्हा त्यात कोण बसतं?

चपला वळवून ठेवल्यात. टोकं बाहेर.

शनिवार, २३ तारीख

ताईला फोनवर माझ्या आवाजावरूनच कळलं. म्हणाली, न्यायला येते. नको म्हटलं. ओरडले. तिने ऐकलं नाही, ऐकलंय कधी? मंगळवारी पोचेल.

ताई दारात थांबणार नाही. लहानपणापासून मी रडले की ती धावत आत —

तिला काय सांगू? काकूंसारखं समजावून? मी ऐकलं होतं का?

सोमवार, २५ तारीख

ताई उद्या.

साहेबांनी नवी मुलगी पाठवलीये. तिचा पहिलाच दिवस. फाटकातून हसत आली.

उंबऱ्याबाहेर उभं करून सगळं सांगितलं. सगळं. शपथेवर. ती हसू दाबत होती. म्हणाली, मॅडम, घर दाखवताना तुम्ही इथे नसलेलंच बरं, माणसं संकोचतात. तुम्ही जा, मी बसते.

नाही म्हटलं.

पुन्हा नाही म्हटलं.

तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ती माझ्या बाजूने आत —

खुर्चीत बसलीये. किती गरम आहे म्हणतेय.

पाय हलकेच उचलला आत्ता. उचलला!

काका पाच वेळा म्हणाले होते. मीही पाच वेळा म्हणणार. दोनदा राहिलंय. म्हणणार आहे. आधी चपला नुसत्या घालून बघते, मग तिला सां—