भाताखालचं पाकीट

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पोचलं, वाचून फार बरं वाटलं. तुमची आणि वहिनींची तब्येत उत्तम असेलच. इथे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. चार दिवस घरात बसवत नाही आणि बाहेर तोंड दाखवायची सोय नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी (तुम्हीच म्हणाला होतात, रिकामा बसू नकोस). ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, याबद्दल माझ्या सात सूचना जिन्यात लागल्या आहेत. समोरच्या मास्तरीणबाईंना तर मी एका केळ्याच्या सालीवरून सगळ्यांदेखत ऐकवलं होतं. सोमवारी स्वच्छता निरीक्षक येणार असं कळलं आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. सकाळी सहापासून डबे मोजले, झाकणं पुसली, झाडूवालीला तीनदा वर-खाली पिटाळलं (चौथ्यांदा तिने झाडू माझ्याच हातात दिला). आमची ही म्हणाली, आधी स्वतःचं टेबल बघा. तेवढ्यात निरीक्षकांची गाडी फाटकाशी थांबली. मी टेबलावरचे सगळे कागद, चहाचा चोथा आणि उरलेला भात एकाच पिशवीत कोंबला आणि आमचा डबा चकचकीत राहावा म्हणून ती मास्तरीणबाईंच्या डब्यात ठेवून आलो.

निरीक्षक अंगाने किरकोळ, पण चिकाटी दांडगी. नेमका तोच डबा उघडला. बाई म्हणाल्या, "ही पिशवी माझी नाही." मी म्हणालो, "सगळे असंच म्हणतात." (दादा, हे वाक्य मला अजून खातंय.) निरीक्षकांनी हातमोजे चढवले, वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी पालथी केली. भाताखालून एक पाकीट निघालं. त्यावर माझं नाव, मजला, सगळं ठळक. बाईंनी मला प्यायला पाणी तेवढं आणून दिलं. आता आठवडाभर रोज सकाळी डब्यांपाशी उभं राहून मी सगळ्यांच्या पिशव्या तपासायच्या, अशी शिक्षा झाली आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ

ता. क. पाकीट तुमचं होतं आणि फोडलेलंही नव्हतं. तुमचा उपदेश निवांत वाचू म्हणून बाजूला ठेवलं होतं. तेव्हा वरचं 'वाचून बरं वाटलं' खोडलंय असं समजा. निरीक्षकांनी ते पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी याचं उत्तर पाठवा." चहाने शाई पसरली आहे. 'डोळ्याचं ऑपरेशन', 'भीती वाटते' आणि 'तू सोबत असलास तर' एवढंच लागतं. तारीख होती तिथे चोथ्याचा डाग आहे. तुम्हालाही भीती वाटते, हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं. तारीख तेवढी कळवा. बॅग भरून दाराशी ठेवली आहे, शिक्षेचे उरलेले दिवस मास्तरीणबाई उभ्या राहणार आहेत.

आणखी एक. ऑपरेशन होऊन गेलं असेल, तर हे पत्र फाडून टाकलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त सुक्या कचऱ्यात टाका.