नोटीस बोर्डावरून माझ्या सात पिढ्या उतरवण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण निरीक्षक साहेब,
प्रांतीय शिक्षण कचेरी.

अर्जदार : कुवानिच जापारकुलोव, अध्यापक (व्यवसाय कायदा व व्यावसायिक नीती), कारा-बेल वाणिज्य महाविद्यालय, मुक्काम कारा-बेल, किर्गिझस्तान.

विषय : नातेवाइकांचे घोषणापत्र बोर्डावरून तातडीने काढण्याबाबत, व त्यासाठी सोबतच्या कागदाचा स्वीकार होण्याबाबत.

संदर्भ : १) अध्यापक आचारसंहिता, कलमे ४, ९ व ११.
२) महाविद्यालयाच्या नीती समितीचे उत्तर.
३) विहीणबाईंचे तोंडी निवेदन, आमच्या दारात.

महोदय,

१. मी वरील महाविद्यालयात वीसेक वर्षे व्यवसाय कायदा शिकवतो. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, मुक्त संमती आणि शेवटी व्यावसायिक नीती असा अभ्यासक्रम आहे. त्यातला हितसंबंधांचा संघर्ष हा भाग मी विशेष आवडीने शिकवतो. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने आपली माणसे कोण हे आधीच उघड सांगावे, आणि त्यांचा प्रश्न आला की बाजूला व्हावे, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिले आहे की खडू आपोआप चालतो. यंदा तेच माझ्या अंगाशी आले. आपण मूळचे दूरच्या तालास प्रांताकडचे असल्याचे समजते. तरीही आपल्या आजोळापर्यंत चौकशी केली, आणि आपण माझे कोणीही लागत नाही अशी खात्री झाल्यावरच हा अर्ज लिहायला घेतला. त्याचे कारण परिच्छेद ६ मध्ये येईल.

२. राजधानीहून आलेली आचारसंहिता यंदा लागू झाली. कलम ४ असे: "अध्यापकाने आपल्या सर्व नातेवाइकांची नावे जाहीर करावीत व त्यांच्यापैकी कोणाचीही परीक्षा घेऊ नये." नातेवाईक कोणाला म्हणावे, हे कुठेच सांगितलेले नाही. करारात व्याख्या नसली की पुढे भांडण आलेच, असे मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगतो. म्हणून समितीच्या अध्यक्षा वेनेराबाई (माझ्याच माजी विद्यार्थिनी) यांना रीतसर विचारले. त्या म्हणाल्या, "अहो गुरुजी, नातेवाईक म्हणजे नातेवाईक! शब्दाचा कीस काढत बसू नका, द्या लिहून." व्याख्या नसलेल्या शब्दाचा अर्थ जागच्या रूढीप्रमाणे घ्यावा, असा नियम आहे. आमच्याकडची रूढी सात बापांची. पोर बोलायला लागले की बापापासून वर सात नावे पाठ करवून घेतात. त्या सातांत दोन घरांचे एक जरी नाव जुळले तरी ती भावकी, आणि भावकीत सोयरीक होत नाही. माझ्या वडिलांनी मला पाचापर्यंतच पोचवले होते. वरची दोन नावे, आणि त्यांच्याखाली फुटलेल्या सगळ्या शाखा, गावातले सर्वांत वडीलधारे काल्दिबाय आजोबा यांनी घोडीचे आंबवलेले दूध पीत पीत सांगितल्या. मी लिहीत गेलो आणि खाली सही केली.

३. यादी बोर्डावर लागली. जागा पुरेना म्हणून परीक्षेचे वेळापत्रक काढावे लागले, त्यामुळे परीक्षा कधी आहे हे आता कोणालाच नक्की माहीत नाही. द्वितीय वर्षाचा अख्खा वर्ग माझ्या भावकीत निघाला. अपवाद इस्खार नावाच्या एका मुलाचा. तो दुंगान, म्हणजे चीनकडून येऊन इथे वसलेल्या जमातीतला. परीक्षेत पक्षपात होऊ शकतो तर शिकवण्यातही होऊ शकतो, असे समितीचे म्हणणे पडल्याने सध्या वर्गात इस्खार एकटा बसतो, मी त्याला शिकवतो आणि बाकीचे उघड्या दारातून बाहेर उभ्याने लिहून घेतात. शंका आल्यास ते इस्खारला विचारायला लावतात. पोरगा रडकुंडीला आला आहे. परवा म्हणाला, "गुरुजी, घ्या ना मलाही भावकीत! सगळ्यांच्या शंका विचारून विचारून मला माझं काय कळलं नव्हतं तेच आठवेना." तशी तरतूद नसल्याचे मी त्याला समजावून सांगितले.

४. इथवर मी तक्रार केली नसती. परंतु माझी एकुलती एक मुलगी बेरमेत, सरकारी दवाखान्यात परिचारिका, हिचे लग्न मधमाश्या पाळणारा एर्मेक याच्याशी ठरले आहे. त्याच्या घरच्यांनी शरदात येऊन तिच्या कानात कुंडले घातली. आमच्याकडे कानात कुंडले पडली की बोलणी पक्की. प्रस्ताव व स्वीकृतीचे ताजे उदाहरण म्हणून मी ते वर्गात सांगितलेही होते. मंडळी उन्हाळी कुरणांवर जाण्याआधी, जूनमध्ये, लग्न आहे. एर्मेकची आई साइरागुलबाई पुतण्याच्या प्रवेशाची चौकशी करायला महाविद्यालयात आल्या आणि बोर्डापाशी थांबल्या. माझा सहावा बाप शिर्दाकबाय. एर्मेकच्या वडिलांचाही सहावा बाप शिर्दाकबाय, म्हणजे दोन्ही मुलांचा सातवा एकच. बाई तिथून तडक आमच्या घरी आल्या. चहा घेतला नाही, भाकरीचा तुकडाही मोडला नाही. दारातूनच म्हणाल्या, "काल मी तुमची विहीण होते, आज वहिनी झाले! आता दिराची पोरगी सून म्हणून घरात आणू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

५. मी काल्दिबाय आजोबांकडे धावलो. ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "तू कॉलेजसाठी विचारलंस, मी कॉलेजसाठी मोजलं. तुझी भावकी मोठी दिसावी, साहेबलोकांत तुझा मान वाढावा, म्हणून जरा सढळ हातानं मोजलं. लग्नाचं म्हणाला असतास तर लग्नासारखं मोजलं असतं. मयताला, जेवणावळीला शिर्दाकबाय एकच. लग्नाला दोन, थोरला आणि धाकटा. म्हणजे पोराचं आणि पोरीचं काही जुळत नाही, खुशाल बार उडवा." मी विचारले, "पण आजोबा, खरे किती होते?" ते म्हणाले, "मी काय तेव्हा होतो का रे?"

६. मी नीती समितीकडे घोषणापत्रात दुरुस्तीची परवानगी मागितली. समितीचे उत्तर असे, की आधीचे घोषणापत्र खोटे होते असे लिहून दिल्यास ते काढता येईल, मात्र खोटी माहिती दिल्याबद्दल कलम ९ नुसार मला बडतर्फ करावे लागेल. अजाणता दिलेली चुकीची माहिती आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक यांत कायदा फरक करतो, हे मी निदर्शनास आणले. त्यावर वेनेराबाई म्हणाल्या, "गुरुजी, हाच प्रश्न तुम्ही मला पेपरात घातला होता आणि भोपळा दिला होता. आता मी फरक कुठून आणू?" पुढे त्यांनी असेही दाखवून दिले, की यादीप्रमाणे त्या स्वतः माझ्या चुलत घराण्यातल्या, बाकीचे सदस्यही तसेच, आणि संचालक साहेब तर माझे लांबचे पुतणे. सबब माझ्या बाबतीत निर्णय देणे कोणालाच शोभणार नाही म्हणून सगळे बाजूला झाले. त्यांचे वागणे नियमाला धरून आहे. हे मीच त्यांना शिकवले आहे. आता या खोऱ्यात माझ्या अर्जावर निर्णय देऊ शकेल असा इस्खारशिवाय कोणी उरला नाही, आणि तो अजून उत्तीर्ण व्हायचा आहे.

७. साइरागुलबाई मनाने वाईट नाहीत. गेल्या आठवड्यात पुन्हा आल्या तेव्हा रडल्या. म्हणाल्या, "मला काय हौस आहे का मोडायची? दोन शिर्दाकबाय तर दोन, माझं काही म्हणणं नाही. पण तो मेला कागद तिथं टांगलाय ना! जाणारं-येणारं पोर मोठ्यानं वाचतं. तो खाली उतरवा, उद्या तुमच्याकडे जेवायला येते." बेरमेत माझ्याशी मोजकेच बोलते. एकदाच म्हणाली, "बाबा, अख्ख्या खोऱ्यात नातेवाईक सापडले तुम्हाला. मी तेवढी दिसले नाही." कुंडले तिने काढलेली नाहीत. दवाखान्यात जाताना डोक्याचा रुमाल कानांवर ओढून घेते, कोणाला दिसू नयेत म्हणून. साहेब, मला हे बघवत नाही. अर्जाच्या नमुन्यात हे वाक्य बसत नाही याची कल्पना आहे, तरी ते खोडत नाही.

८. यादी खोटी होती असे लिहून दिले तर कागद उतरेल. नोकरी जाईल, ती जाऊ दे. पण मी सही केली तेव्हा मला ते खरे वाटत होते, आणि आजही ते खोटे आहे हे मला ठाऊक नाही. काल्दिबाय आजोबांनाही नाही. जे खोटे असल्याचे माहीत नाही त्याला सोयीसाठी खोटे म्हणणे, याला काय म्हणतात ते मी दरवर्षी शिकवतो. दुसरी वाट कलम ११ ची. अध्यापक सेवेतून गेल्यास त्याचे घोषणापत्र त्याच दिवशी काढून टाकावे, असे ते कलम आहे. मग ते खरे होते की खोटे, हे कोणी कोणाला विचारायचे कारण उरत नाही. म्हणून माझा राजीनामा सोबत जोडला आहे.

९. राजीनाम्यात 'स्वखुशीने' हा शब्द घालण्याची पद्धत आहे. मला खुशी नाही. हा विषय मला फार प्रिय आहे आणि दुसरे काही मला येत नाही. राजीनामा स्वतःहून देत आहे, एवढेच लिहिले आहे, कारण तेवढेच खरे आहे.

तरी विनंती, की राजीनामा लग्नाआधी मंजूर व्हावा. मंजुरीच्या दिवशीच बोर्ड रिकामा करण्याचा आदेश निघावा. मुलांची परीक्षा बाहेरच्या जिल्ह्यातल्या एखाद्या अध्यापकाने घ्यावी, आणि तोवर त्यांना निदान वर्गात बसू द्यावे. नवा अध्यापक येईल त्याला कलम ४ मधल्या त्या एका शब्दाची व्याख्या आधी लेखी मागून घ्यायला सांगावे. या अर्जावर आपण दिलेला निर्णय, तो काहीही असो, मला मान्य राहील. उशीर तेवढा मान्य होणार नाही.

आपला नम्र,
कुवानिच जापारकुलोव
(सही)

कारा-बेल, दि. १२ मे २०१६

सोबत :
१) आचारसंहितेची प्रत, संबंधित कलमांखाली रेघा मारून.
२) घोषणापत्राची प्रत (घड्या घातलेली. उलगडताना दोन माणसे लागतील).
३) राजीनामा. याच्या आधीच्या दोन्ही प्रती बेरमेतने फाडून चुलीत घातल्या व माझ्या गळ्यात पडून रडली. ही तिसरी प्रत ती रात्रपाळीला गेल्यावर लिहिली आहे. कृपया पोच घरच्या पत्त्यावर पाठवू नये.