नवरा लोखंडाचा

१२ ऑगस्ट १९५७, सोमवार

प्रौढांच्या वर्गाचा किशनराव मास्तर म्हणला, रोज चार ओळी लिहा, न्हाईतर शिकलेलं विसरून जाल. म्हणून लिहायलेय. त्याला दाखवणार न्हाई. तो चुका काढतो अन् माझ्या चुका काढलेल्या मला चालत न्हाईत.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. पण पेन्सिलीला नवरा नसतो. आश्रुबा. लिहिलं. काही झालं न्हाई.

शिमग्याच्या आधी इथल्या जिनिंगात मशीनला कापूस चारताना ह्यांचा उजवा हात गेला. कोपराच्या खाली काहीच न्हाई. तवापासून ओट्यावर बसून हायेत. मी कधी काही बोलत न्हाई. आज फक्त एवढंच म्हणलं, की बैल लंगडा झाला तर त्याला तरी लाज वाटती, मान खाली घालून उभा राहतो. हे उठून बाहेर गेले. लय हळवे.

ठरलं : उद्यापासून टोचून बोलायचं न्हाई.

१३ ऑगस्ट

बोलले. पण कारण होतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

गुळाची पुडी सोडली तर कागदावर रंगीत चित्रं. तशीच परत दुकानात गेले. दुकानदार म्हणला, स्टेशनवरच्या रद्दीत आलंय, इंग्रजी हाय, तुमाला काय करायचंय? म्हणलं, तुला काय करायचंय. उरलेली पानं घेऊन आले. शेवटची पानं हळद-मिरचीत गेली होती.

चित्रात एक गडी. अर्धा माणूस, अर्धा लोखंड. एक हात लोखंडाचा, छाती लोखंडाची, एक डोळा इंजिनाच्या दिव्यासारखा. मोटार डोक्यावर धरून उभा, अन् खाली माणसं आ करून बघायलेत. नाव काय असंल ते असो, मी लोखंड्या ठेवलं.

लोखंड्याकडं बघितलं. मग ओट्यावर ह्यांच्याकडं बघितलं. मग परत लोखंड्याकडं.

मला सगळं कळलं.

१८ ऑगस्ट

मास्तरकडून वाचून घेतलं. लोखंड्या आधी साधा कामगार होता. कारखान्यात अपघात झाला, डाक्टरनं अर्धं अंग यंत्राचं बसवलं. आता सगळं शहर त्याच्या जिवावर. म्हणजे आमचंच की! फक्त आमच्यात यंत्र बसवायचं राहिलंय.

एका चित्रात लोखंड्या माडीवर एकटाच बसलाय. मास्तर म्हणला, इथं तो सोताला विचारायलाय, मी माणूस हाय का यंत्र? म्हणलं, ज्याला मोटार उचलता येती त्यानं मोटार उचलावी. असले सवाल रिकाम्या लोकाचे. लोखंड्याच्या गालावर थेंब होता. मास्तर म्हणला, आसू. मी म्हणलं, तेल गळायलंय.

मास्तरनं पानं मिटून माझ्याकडं सरकवली. म्हणला, बायनाबाई, तुमच्यापुढं मी काय शिकवू. चला, एवढं तरी त्याला उमगलं.

बेत असा. दसऱ्यानंतर जिनिंगचा सीझन सुरू होतो. मशीन मांसाचा हात खाती. लोखंडाचा खाऊन दाखव म्हणावं. बाकीचे गडी भीत भीत कापूस चारतेत, हे बिनघोर चारतील. मुनीम सोता घरी येईल हात जोडून.

२१ ऑगस्ट

चंद्रभान लोहाराकडं गेले. म्हणला, बाई, मी नांगराचे फाळ करतो, हात न्हाई करत. म्हणलं, फाळालाच पाच बोटं काढ. म्हणला, बोटं हलायची न्हाईत. म्हणलं, ह्यांची आधी तरी कुठं हलत होती. म्हणला, वजन दंडावर येईल, पट्टा खांद्यातून घ्यावा लागंल, जड होईल. म्हणलं, लोखंडाचा करायलास का पापडाचा?

नुसत्या शंका. असल्यानंच आपला मुलूख मागं राहिला.

२४ ऑगस्ट, शनिवार

उद्या पोळा, आज खांदेमळण. गावात सगळे बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायलेत. आमच्यात बैल न्हाई, पण आजच हात आला! काळाभोर. ओट्यावर ठेवला तर ओटा दणाणला. पाटावर मांडला, हळद लावली, लोणी चोळलं.

मग बांधला. हे म्हणले, पट्टा खांद्यात रुतायलाय, थोडं लोणी हितं पण लाव. म्हणलं, ते बैलासाठी असतं.

आजपासून ‘हे’ बंद. तो. मशीनला अहो-जाहो कोण करतंय?

२९ ऑगस्ट

सराव. घागर उचलायला लावली, घागर फुटली. दार लोटायला लावलं, बिजागरी निघाली. काय ताकद हाय बघा.

लोखंडाचा भाग काही जेवत न्हाई, म्हणून भाकर चतकोर कमी केली. सरळ गोष्ट हाय. शेजारची वच्छलाबाई भिंतीवरून बघत होती. म्हणली, बायने, आता दाढा पण लोखंडाच्या बसव, म्हणजे कोळसे चारता येतील. जळती माझ्यावर. तिचा नवरा नुसता मांसाचा.

३ सप्टेंबर

झोपताना हात काढू द्या म्हणला. म्हणलं, लोखंड्या काढतो का? सगळी पानं तपासली. कुठंच काढलेला न्हाई.

८ सप्टेंबर, रविवार

पट्ट्याखालून लाल पाणी यायलंय. वास पण हाय. म्हणलं, गंज चढलाय. तर म्हणतो कसा, गंज लोखंडाला चढतो बायने, हे माझं हाय.

उलट बोलायलाय म्हणजे तब्येत सुधारली.

दवाखान्यात नेतीस का म्हणला. नेणारच होते, पण आधी लोखंड तर साफ करावं. राखेनं घासलं, वरून करडीचं तेल. चकाकायलंय. भाजीला तेल उरलं न्हाई, त्याचं त्याला काहीच वाटलं न्हाई. कोरडी भाकर खाल्ली गुपचूप.

ठरलं : पुढच्या आठवड्यात दवाखाना. नक्की.

१५ सप्टेंबर

या आठवड्यात बाजार होता, दवाखाना जमला न्हाई. त्याला बाजारात नेला. लोकानं बघावं, मुनीमाच्या कानावर जावं, हा बेत. मधोमध उभा केला, बाही वर गुंडाळली.

गर्दी झाली. एक म्हणला, हलवून दाखव. बोटं काही हलली न्हाईत. मग त्यानं आपली छत्री बोटाला अडकवली अन् तमाखू घ्यायला गेला. ते बघून दुसऱ्यानं पिशवी अडकवली. एका बाईनं पाय बांधलेली कोंबडी अडकवली, म्हणली, धर रे जरा, आलेच. कोंबडी फडफडायली. तो हालला न्हाई का बोलला न्हाई. बाजार उठेपर्यंत तसाच.

किती उपयोगी! दोन हात होते तवा ह्याला कुणी विचारत नव्हतं.

घरी येताना वाटंत एक शब्द न्हाई. लोखंड्या पण कमीच बोलतो.

२२ सप्टेंबर

अजून बोलत न्हाई. रात्रीचं कण्हणं तेवढं हाय. सांधे जमायला वेळ लागतो, नवी गाडी पण आधी करकरती. वच्छलाबाईनं पलीकडून हाक मारली, अगं त्याला ताप हाय का बघ. म्हणलं, लोखंड तापतंच.

उत्तर लगेच सुचलं. अशी उत्तरं मला सुचतेत.

२ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज अक्षर पण नीट येईना इतका राग आलाय. तरी लिहिते.

सकाळी हत्यारांची पूजा मांडली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, अन् शेवटी त्याचा हात, पूजेपुरता काढून. हळद-कुंकू लावत आले तर हाताच्या पलीकडं हाच येऊन बसला. रांगेत. मांडी घालून. म्हणलं, काय सोंग हाय? म्हणला, मला पण लाव. हत्यारं आज कामाला लावायची नसतेत. आज मला सुट्टी.

पंधरा-वीस दिवसानं तोंड उघडलं ते असं. म्हणलं, ऊठ, हात बांधू दे, तुला जिनिंगात नारळ फोडायचाय.

कारण खरा बेत तिथलाच होता. आज जिनिंगात पण मशीनची पूजा असती. मुनीम दिनकरराव, सगळे गडी, सगळे हजर. याच्या लोखंडी हातानं मशीनपुढं एका घावात नारळ फुटला, की काम पक्कं. मीच पुढं घातला त्याला. सगळे बाजूला झाले. नारळ डाव्या हातात दिला.

तेवढ्यात कुणीतरी पूजेपुरती मशीन सुरू केली.

हा जागचा हलेना. तोंड पांढरं पडलं. घाम असा, की बंडी अंगाला चिकटली. नारळ हातातून सुटला अन् गडगडत मशीनखाली गेला. मी सगळ्यांपुढं म्हणलं, मशीनला मशीनची भीती वाटती व्हय रे? कुणी हसलं न्हाई. माणसंच मठ्ठ.

मग त्यानं पट्टा दातानं सोडला. हात मशीनपुढं हळदी-कुंकवात ठेवला अन् मागं सरला. दंड उघडा पडला. बरा दिसत नव्हता. काळा-लाल, फुगलेला. दोन गड्यानं मान फिरवली. एकानं नाकाला उपरणं लावलं.

दिनकररावानं मशीन बंद करायला लावली. म्हणला, आश्रुबा, दवाखान्यात गेलतास का?

म्हणला, कुणी नेलं न्हाई.

खोटं न्हाई. पण चार लोकांत सांगायचं कारण काय?

दिनकरराव म्हणला, गेटवर बसशील का? आवाज हाय, नजर हाय, माणूस वळखतोस. अजून काय लागतंय.

मी म्हणलं, मुनीमसाब, गेटवर कुणी पण म्हातारं बसंल. दीड महिना खपून मी ह्याला मशीनवर उभं राहायला तयार केलाय. गेट-बिट न्हाई जमणार.

दिनकरराव म्हणला, बाई, मी त्याला विचारलंय.

त्यानं माझ्याकडं बघितलं. लय दिवसानं बघितलं. मग मुनीमाकडं वळून म्हणला, व्हय.

हात मीच उचलून घरी आणला. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं म्हणे. अजून उशीर झाला असता तर दंड खांद्यापासून काढावा लागला असता म्हणे. लोकाला वाढवून सांगायची सवयच असती.

३ ऑक्टोबर, दसरा

आला न्हाई. भूक लागली की येईल.

९ ऑक्टोबर

दवाखान्यातून सुटला अन् सरळ जिनिंगनं दिलेल्या खोलीवर गेला. भूक लागत नसावी. म्हणजे माझा बेत काही चुकलेला नव्हता.

वर्गात मास्तर म्हणला, रशियानं लोखंडाचा गोळा आकाशात सोडलाय, पृथ्वीभोवती फिरायलाय. विचारलं, खातो काय? म्हणला, काही न्हाई. विचारलं, रुसतो का? मास्तर म्हणला, न्हाई बाई, त्याला घरच न्हाई.

त्याला यंत्र म्हणतेत.

१५ ऑक्टोबर

हात खुंटीला अडकवलाय. रोज तेल लावते. उलट बोलत न्हाई, कण्हत न्हाई, वास मारत न्हाई. दोघांत हाच बरा होता.

भाकरी मात्र दोघांच्याच होतेत. पीठ मळताना ध्यानात राहत न्हाई. उरलेली वच्छलाबाईच्या म्हशीला घालते. वच्छलाबाई काही बोलत न्हाई आता, नुसती घेती. तिनं काहीतरी बोलावं.

१९ ऑक्टोबर

ठरलं : त्याला माफ करायचं. दिवाळीला सोता येईल, तवा आधी चार शब्द सुनवायचे, मग माफ.

२२ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आला न्हाई. चार शब्दाचे दोन केले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. पाडवा

आज नवऱ्याला ओवाळायचं असतं. घरात नवरा न्हाई म्हणून हातालाच पाटावर बसवला. बसत न्हाई. कलंडतो. पाठीला उशी लावली, तरी कलंडला. तिसऱ्यांदा निरांजनावर पडला, तवा मीच म्हणलं, बास.

ताट घेतलं, हात पदराखाली घेतला अन् जिनिंगवर गेले. सुनवायचे दोन शब्द पण वाटंत सोडून दिले. म्हणलं, सणाचा दिवस हाय.

गेटवर होते. खाकी सदरा, एक बाही दुमडून टाचलेली. अंगानं भरले होते जरा. दाढी केलेली. एका गाडीवाल्याशी बोलत होते, हसत होते. मला बघितलं अन् उभे राहिले.

म्हणले, काय काम हाय, बाई?

म्हणलं, अहो, मी हाय.

म्हणले, व्हय. काम काय हाय?

म्हणलं, पाडवा हाय, ओवाळायला आलेय. म्हणले, मुनीम सुट्टीवर हायेत. म्हणलं, मुनीमाला कोण ओवाळतंय, तुमाला. म्हणले, ड्युटीवर असल्यावर असलं काही चालत न्हाई.

राग न्हाई, काही न्हाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेत तसंच सांगितलं. मला काय बोलावं सुचंना. मला सुचत न्हाई असं होत न्हाई. म्हणून पदराखालून हात काढला. म्हणलं, हे बघा, रोज तेल लावते, जरा पण गंज न्हाई.

त्यांनी हाताकडं बघितलं. मग गाडीवाल्याला वाट दिली, गेट ओढून घेतलं. म्हणले, मोडीचं लोखंड मागच्या गेटानं घेतेत.

मी हसले. ते हसले न्हाईत.

भिंतीला वळसा घालून मागच्या गेटाला गेले. कुलूप होतं. ताट खाली ठेवून थांबले, कुणी येतंय का बघत.

कुणी आलं न्हाई.