खाट सातचा चार्ज

३ तारीख, सोमवार
सौ.च्या खुब्याची शस्त्रक्रिया काल यथासांग पार पडली. खाट क्रमांक सात. दुपारी दोनला ड्युटी बदलते; तेव्हा सकाळची सिस्टर खाटेशी उभी राहून दुपारच्या सिस्टरला पेशंटचा चार्ज देते. आज ऐकला. घोर निराशा. 'सातला हिप झालंय, बीपी बरं, जेवण अर्धं.' ना प्रास्ताविक, ना समारोप. शेवटी सौ.ला विचारतात, काय वाटतंय आजी? सौ. विचार करत बसली, म्हणून मीच सांगितले: उत्तम.
संकल्प: उद्यापासून सातचा चार्ज मी देणार.

४, मंगळवार
दिला. पूर्वेतिहास, सद्यःस्थिती, निष्कर्ष. दुपारची सिस्टर घड्याळाकडे पाहत होती. एकाग्रतेची सवय नाही. सौ. मध्येच 'पाय…' म्हणू लागली. हाताने थांबवले. पायाचा विषय पुढील भागात होता. तो येण्याआधीच सिस्टर आठ नंबरकडे निघून गेली.

५, बुधवार
थोरलीचे म्हणणे: बाबा, सिस्टर आईला विचारतात, तुम्हाला नाही. अपरिपक्व विचार. इतक्या वर्षांच्या संसारानंतर सौ.ला काय वाटते, हे सौ.पेक्षा मला अधिक नेमके सांगता येते.
आजचा चार्ज: वेदना नगण्य, मनःस्थिती प्रसन्न. सौ. छताकडे पाहत होती.

६, गुरुवार
सौ.ची एक पोटरी सुजल्यासारखी वाटली. चादरीच्या सुरकुत्यांमुळे तसा भास होत असावा. असल्या अनिश्चित बाबींनी चार्ज गढूळ करू नये, या मताचा मी आहे. 'काही त्रास नाही' असे सांगितले. सौ.ने ताट तसेच परत पाठवले. स्वयंपाकाच्या दर्जाबद्दल तक्रार करणार.

७, शुक्रवार
सकाळी सौ.ला धाप लागली. ओठ निळसर. धावपळ, पडदे, मला बाहेर काढले. पोटरीत रक्ताची गुठळी, तिचा तुकडा फुप्फुसात. आयसीयूत नेले.
डॉक्टरांनी विचारले, पाय केव्हापासून दुखत होता? सिस्टर म्हणाली, रोज विचारत होतो, काही त्रास नाही असंच सांगितलं. कोणी सांगितले, ते बोलली नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही. अपुरी माहिती देण्याची यांची खोडच आहे.

८, शनिवार
आयसीयूबाहेरचा बाक. आत सोडत नाहीत. पुनर्विचार केला. माझ्या चार्जमध्ये दोष असलाच, तर तो अतिसंक्षेपाचा. यापुढे अधिक विस्तार.
थोरलीने डबा उघडून पुढे ठेवला. तिला ही योजना सांगितली. तिने डबा बंद केला.

११, मंगळवार
वाचली. पुन्हा खाट सात. दोन वाजता घसा खाकरून उभा राहिलो. सकाळच्या सिस्टरने पडदा ओढला. मी बाहेरच्या बाजूला राहिलो. नियम बदलला असावा.
आतून विचारले, काय वाटतंय आजी? उत्तर माझ्या ओठांवर होते.
मग सौ. बोलू लागली. पायाबद्दल. श्वास अडकला तेव्हाच्या भीतीबद्दल. घरी जायचे म्हटले की छातीवर दडपण येते, त्याबद्दल. सिस्टरांनी मध्ये तोंड घातले नाही. ती एवढे बोलते, हे मला ठाऊक नव्हते.
शेवटी सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला हळूच म्हणाली, "आणि सातला जे काही विचारायचं, ते आजोबा बाहेर असताना विचारायचं."
दुरुस्ती सुचवण्यासाठी ते वाक्य मनात पुनःपुन्हा तपासले. सुचली नाही.