वाळत घातलेला मास्क

प्रिय ताई,

झाकण उचलून मी प्लेट आत सोडली, चिमटा अजून हातातच होता, तेवढ्यात ट्रेमधून तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज आला. आधी बुडबुडे, मग फेस, मग धूर. धूर करडा किंवा पांढरा असतो असं मी धरून चालले होते. हा तपकिरी होता, गंजासारखा, आणि वर न जाता ट्रेच्या काठावरून खाली सांडत होता. मी बघत राहिले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो हाच, की हा रंग कागदावर कसा आणायचा. मग खोकला सुटला.

मी ठीक आहे. हे आधी वाच आणि मग पुढे जा. दवाखान्यात आहे, खाटेवर उशीला टेकून बसले आहे. बोटाला चिमटा लावलाय, त्याची वायर एका यंत्रात गेली आहे आणि यंत्रावर एक आकडा दिसतो. आडवं व्हायचं नाही, फिरायचं नाही, बोलायचं नाही. लिहिलं तर चालेल का, असं मी खुणेनं विचारलं तेव्हा नर्स म्हणाली, "लिही बाई, पण परीक्षेला बसल्यासारखी मान मोडून लिहू नकोस." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. हा वायू छातीत खोल जातो आणि जाताना फारसं जाणवू देत नाही. माणूस थोडा खोकतो, पाणी पितो, बरं वाटतंय म्हणतो, घरी जातो. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. भरेल किंवा भरणार नाही. सकाळपर्यंत कळेल. तोवर लक्ष ठेवायचं, एवढंच. आम्ही दोघं आहोत. दुसरा पडद्यापलीकडे आहे. कासव.

कासवाबद्दल तुला फोनवर सांगितलं होतं. माझ्या वर्गात आहे, लाकडात कोरतो आणि त्याचे कागदावर ठसे घेतो. एका रेघेला अख्खी दुपार लावतो. सर त्याला म्हणतात, "अरे, तेवढ्यात झाड परत उगवेल." तो हसतो आणि पात्याला धार लावत बसतो. हे नाव मीच ठेवलं. चिडला नाही, उलट आपल्या प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात एक बारीक कासव कोरायला लागला. मी स्प्रेचा डबा खडखड हलवत फिरते तेव्हा तो म्हणतो, "आली फवारणी. पिकं झाका." ठसेवाल्यांना स्प्रे आवडत नाही, त्यांना वाटतं ते भिंती रंगवणाऱ्यांचं काम. मला दोन्ही हवं होतं.

काय करत होते ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. धातूच्या प्लेटवर करडा रंग आणायचा तर जुनी माणसं राळेची पूड धुळीसारखी तिच्यावर बसवतात आणि खालून तापवतात. मग प्लेट ॲसिडमध्ये सोडतात. ॲसिड त्या कणांच्या मधला मधला धातू खातं, त्या बारीक खड्ड्यांत शाई बसते आणि कागदावर सावली उतरते. मी पुडीऐवजी स्प्रे मारून बघत होते. जवळून मारला तर डबकं होतं. हात लांबवून, डबा सतत हलता ठेवून मारला तर रंग हवेतच अर्धा सुकतो आणि खाली सुटे सुटे ठिपके पडतात. सरांना ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते भिंग लावून बघत राहिले आणि म्हणाले, "हे राळेला जमत नाही." त्या दिवशी मी जेवायला विसरले होते.

त्या ठिपक्यांची प्लेट उजेडात तिरकी धरली की ती कशासारखी दिसते हे तुला एकटीलाच सांगता येईल. आईच्या खोलीत तिच्या श्वासासाठी वाफेचं यंत्र चालायचं आणि खिडकीची काच धुरकट व्हायची, तशी. मी त्या काचेवर बोटानं चित्रं काढायचे आणि तू मागून येऊन ती पुसायचीस, कारण आईला बाहेरचं दिसायला हवं असायचं. मला ती काच करायची होती. आई नाही, नुसती काच. सुट्टीत आई मामाकडे असायची तेव्हा तू फोन करून मामीला म्हणायचीस, "तिला बोलायला लावू नका, फोन तिच्या तोंडापाशी धरा." आणि ऐकत बसायचीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत असायचे. श्वास बरा असला की तू लगेच दुसरंच काहीतरी विचारायचीस, औषध घेतलं का, केस कुणी विंचरले. बरा नसला की गप्प व्हायचीस. एकदाही चुकली नाहीस.

मी स्प्रे वापरते हे कळल्यावर तू मास्क पाठवलास, दोन्ही गालांवर गोल डबे असलेला. सोबत चिठ्ठी होती, "हा खुंटीवर शोभेला नाही. नाक आहे ते, धुराडं नाही." मी वापरत होते. शपथेवर सांगते, रोज वापरत होते. काल मात्र मी तो काढून प्लेटवर ठेवला. आईच्या काचेवर काय असावं हे मला कळत नव्हतं, आणि समोर तो पडला होता, कुणाचा तरी चेहरा काढून ठेवल्यासारखा. पालथा ठेवला आणि सगळीकडून स्प्रे मारला. उचलला तेव्हा काळ्या ठिपक्यांच्या मधोमध त्याच्या आकाराचा लख्ख धातू उरला होता. इतकं बरोबर मला आजवर काही जमलं नव्हतं. पण मास्कवरही रंग बसला, डब्यांच्या जाळ्या बुजल्या. मी तो धुऊन ओल्या ठशांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. आज धूर आला तेव्हा तो तिथेच होता, बाहेरच्या खोलीत, दोन ठशांच्या मधे.

आता झाकणं. ॲसिडच्या खोलीत दोन ट्रे आहेत. एकात सौम्य ॲसिड असतं, जस्तासाठी. दुसऱ्यात कडक, तांब्यासाठी. जस्त कडक ॲसिडमध्ये गेलं की ते उकळतं आणि हाच धूर सोडतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं आहे. दोन्ही ट्रेंची झाकणं सारखी, त्यांच्यावर सरांनी ब्रशनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जस्त आणि तांबं. पण अख्ख्या स्टुडिओत त्या झाकणांइतकं सपाट दुसरं काही नाही. म्हणून मी प्लेटा त्यांच्यावरच ठेवून स्प्रे मारायचे. सर ओरडले की मी म्हणायचे, वाळलं की खरवडते. एकावर एक थर चढत गेले आणि अक्षरं गेली. मला अडचण नव्हती, माझ्या प्लेटा जस्ताच्या, आणि खिडकीकडचा ट्रे जस्ताचा हे मला पाठ होतं. काल कुणीतरी फरशी धुतली. धुताना ट्रे हलवले आणि परत ठेवले. ठेवणाऱ्यानं झाकणावर बघितलं असेल. झाकणावर नुसता काळा रंग होता.

माझा खोकला ऐकून कासव आला. चालत नाही, धावत. त्याला धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. माझ्या ॲप्रनची गाठ पकडून त्यानं मला बाहेर ओढलं आणि दार लावलं. आम्ही बाहेर उभे होतो, मोकळ्या हवेत, दोघंही धड. तिथे थांबायला हवं होतं. मी ओरडले, "माझी प्लेट!" त्यानं माझ्याकडे बघितलं, फडकं भिजवून नाकाला लावलं आणि आत गेला. काचेतून मला त्याची नुसती पाठ दिसत होती, तीही मधेच दिसेनाशी व्हायची. त्यानं प्लेट चिमट्यानं काढून पाण्याच्या बादलीत टाकली, झाकण लावलं, खिडक्या उघडल्या, आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. म्हणाला, "फवारणी झाली. पिकं मेली." आणि हसता हसता खोकला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, परत आत कशाला गेलास? तो म्हणाला, "प्लेट काढली नसती तर धूर थांबला नसता." हे खरं आहे. सर मान हलवत होते. पण मी त्यासाठी ओरडले नव्हते, आणि हे त्याला माहीत आहे. माझ्याकडे न बघता त्यानं ते उत्तर दिलं.

दुपारभर आमचं बरं चाललं होतं. बोलायची बंदी, म्हणून तो खाटेच्या लोखंडी दांड्यावर नखानं टकटक करायचा आणि मी उलट करायचे. काही अर्थ नव्हता त्याला, नुसतं आहेस का, आहे. एकदा त्यानं इतकी लांब टकटक केली की नर्स म्हणाली, "हा काय तबला शिकतोय का?" मग उन्हं पडद्यावरून उतरली आणि त्याचा खोकला बदलला. आधी कोरडा होता. आता आत काहीतरी ओलं हलल्यासारखा येतो. डॉक्टरीणबाई आल्या, गेल्या, परत आल्या. एक उंच सिलिंडर माझ्या खाटेजवळून पलीकडे ढकलत नेला, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. पडद्यावर कासवाची सावली दिसते, बसलेली, पुढे झुकलेली, तोंडावर मास्क. आकार तोच आहे गं. मी काल तासभर त्याच आकाराकडे खूश होऊन बघत होते.

मी टकटक केली. उत्तर आलं नाही. परत केली. पलीकडून नर्सचा आवाज आला, "त्याला दमवू नकोस." तेव्हापासून हात मांडीखाली धरून बसले आहे, फक्त लिहिण्यापुरता काढते. माझ्या यंत्रावरचा आकडा थोडा उतरला आहे. नर्सनं बघितलं, बटण दाबलं, म्हणाली, ताठ बस. मी ताठच बसले होते. छातीत दुखत नाही. कुणीतरी आत ओला कपडा घडी करून ठेवल्यासारखं वाटतं, खोल श्वास घेतला की तो हलतो. की मला तसं वाटतंय? भीतीनं काय नाही वाटत. मी श्वास ऐकायला लागले की तो मोठा होतो, ऐकायचा सोडला की मला वाटतं थांबला. कासवाची आई गावाहून निघाली आहे, सकाळी पोचेल. ती विचारेल, काय झालं? सर सांगतील, तुमच्या मुलानं धूर थांबवला. आणि मग ती माझ्याकडे वळेल, मी बरी आहे ना, असं विचारायला.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला तुझा फोन आला. उशाशी वाजत राहिला आणि मी वाजू दिला. मग 'कामात आहे, उद्या करते' असं लिहून पाठवलं. नर्सला वाटलं मला बोलायची बंदी पाळायची आहे. तसं नाही. मी काय बोलते याच्याशी तुला काही घेणं नसतं, हे मला ठाऊक आहे. मी नुसतं हॅलो म्हटलं असतं आणि तू ऐकायला लागली असतीस. डॉक्टर सकाळपर्यंत थांबा म्हणतात. तू थांबली नसतीस. तू ऐकलं असतंस आणि कदाचित गप्प झाली असतीस, आणि मला तिथल्या तिथे कळलं असतं. ते नको म्हणून हे कागद. कागदावर श्वास ऐकू येत नाही. इतकी वर्षं मी तुझा चेहरा बघत होते, आता ज्याच्यासाठी बघायचा ती मीच आहे आणि तू समोर नाहीस, आणि मला वाटतं बरंच आहे, आणि मला वाटतं तू आत्ता या क्षणी इथे असावंस. दोन्ही एकदम वाटतं. सकाळ झाली आणि मला बोलता आलं तर पहिला फोन तुला करेन. उचलशील ना.

तुझीच, अजून ताठ बसलेली,
ठिपकी

सकाळी: डॉक्टरीणबाईंनी माझी छाती पाठीमागून आणि पुढून ऐकली. पाणी नाही. कासवाला उजाडताना वरच्या मजल्यावर नेलं आहे. ऑक्सिजन चालू आहे, डोळे उघडे आहेत. त्याची आई त्याच्यापाशी बसली आहे. पुढचं तुला माहीत आहे, पण पत्र पुरं करायचं म्हणून लिहिते. मी फोन केला आणि सगळं सांगितलं, प्लेटचंही.  मग म्हणालीस, "तुझा ठीक आहे. आता फोन त्याच्यापाशी धर." मी वर गेले. त्याच्या आईला सांगितलं, माझ्या बहिणीला ऐकायचं आहे. ती सरकून बसली. मी फोन त्याच्या मास्कपाशी धरला. तू खूप वेळ ऐकत होतीस. मी फोन कानाला लावला तेव्हा तू विचारलंस, "त्यानं काही खाल्लं का?"