नबीसाब, तुमचे पॉइंट जमा झाले

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

‘अभिनंदन, नबीसाब! आजच्या सर्व्हेचे ८० पॉइंट तुमच्या खात्यात जमा झाले.’

चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यातून परत येताना कंपनीच्या बसमध्ये हा मेल वाचला. पुन्हा वाचला. वाटलं, जुना असेल, कुठंतरी अडकून आज आला असेल. तारीख आजची. वेळ दुपारी दोन दहा.

अब्बांना जाऊन आज चव्वेचाळीस दिवस झाले!

अब्बांना ईमेल नव्हता. चार वर्षांपूर्वी शेजारच्या चंद्रिकाकाकूंनी या साइटवर त्यांचं नाव घालून दिलं, तेव्हा माझा ईमेल दिला होता. तेव्हापासून त्यांचे मेल माझ्याकडे येतात, मी न उघडता पुसते. कुठला साबण वापरता, चहात साखर किती, टीव्हीवर काय बघता, असले प्रश्न. उत्तरं दिली की पॉइंट. पॉइंट साठले की वस्तू. मी तेव्हाच म्हणाले होते, फुकट कोण कुणाला काय देतं? काहीतरी गोम असणारच. पण पार्सलं यायची! मिक्सर आला. सरफराजच्या मुलांना दप्तरं आली. मला घड्याळ आलं.

कारखाना बंद पडला तेव्हा अब्बा एकोणसाठचे होते. आयुष्यभर मागावरचे जॉबर, बिघडलेला माग त्यांनी हात लावला की चालू व्हायचा. मग एकदम घरी. आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. या पॉइंटांनी त्यांना उठवलं. खाटेवर ताठ बसून वस्तू हातात द्यायचे. “घे. तुझ्या बापाची कमाई.”

आता ही कमाई कोण करतंय?

१६ सप्टेंबर, मंगळवार

अम्मीला मेलचं बोलले नाही. नवरा गेल्यानंतरची तिची इद्दत चालू आहे, डिसेंबरपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. तिच्या सोबतीला म्हणून तर मी जुळे सोलापूरचं माझं घर नवऱ्यावर, एजाजवर टाकून इथं येऊन राहिलेय. नुसतं विचारलं, अब्बांचा फोन कुठंय?

“कपाटात. बंद करून ठेवलाय.”

आज १२० पॉइंट. वेळ तीच, दुपारची.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अम्मी नमाजला बसली तेव्हा कपाट बघितलं. फोनचं कव्हर आहे. फोन नाही.

एजाजला फोन केला. म्हणाला, “त्याच नंबरवर अम्मीच्या बँकेचे ओटीपी येतात ना? आज पॉइंट घेतोय, उद्या अम्मीची पेन्शन काढेल. आधी सिम बंद करा.” नवऱ्याला सगळं सोपं वाटतं. सिम बंद करायलासुद्धा आधी फोन कुणाकडे आहे ते कळायला नको? सिम बंद केलं की चोर सावध होणार. मला चोर पाहिजे.

दहा वर्षं टॉवेल तपासतेय. लांबून बघितलं की सगळे पांढरे, सगळे चांगले. उजेडासमोर धरला की सुटलेला धागा दिसतो. धरायला पाहिजे मात्र.

२१ सप्टेंबर, रविवार

सरफराज आला होता. माझा धाकटा भाऊ, टेंपो चालवतो. टॉवेलच्या गाठी पोचवतो, कधी सुताची पोती. अम्मीसाठी पपई आणली होती.

टेंपोत नवीन स्पीकर! मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठून आला?

“घेतला.”

“कधी?”

“आपा, बिल दाखवू का आता?”

हसत म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मयतीच्या दिवशी अब्बांच्या खिशातलं सामान त्यानेच काढलं होतं. फोनही त्यानेच. मी बघितलंय. नंतर कुणाच्या हातात दिला ते नाही बघितलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी टाकून घरी बसले. मेल नाही. म्हणजे मी घरी आहे हे त्याला माहीत आहे!

२४ सप्टेंबर, बुधवार

कामावर गेले. १५० पॉइंट, दोन पंचवीसला. मी घरी असले की बंद, नसले की चालू. मी कधी घरी असते ते कुणाला कळतं? अम्मीला. अम्मीकडून सरफराजला, तो रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करतो.

चंद्रिकाकाकूंचाही संशय आला होता. रोज दुपारी अम्मीजवळ येऊन बसतात, साइटची माहिती त्यांनाच जास्त. पण काकू असं करतील? त्यांच्या मुलीचे आणि माझे दुधाचे दात एकाच महिन्यात पडले. तरी नाव लिहून ठेवते. लिहायला काय जातं! ही वही कोण वाचणार? अम्मी मराठी बोलते, पण वाचायला तिला उर्दूच येतं, तेही चौथीपर्यंतचं.

२८ सप्टेंबर, रविवार

नको ते झालं.

सरफराज जेवायला आला होता. मी ताट वाढलं आणि तोंडातून निघूनच गेलं, “अब्बांचा फोन परत दे.”

“कुठला फोन?”

मी माझा मोबाइल त्याच्यासमोर धरला. सगळे मेल एकाखाली एक. नबीसाब, नबीसाब, नबीसाब. वाचता वाचता त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, सापडला.

“हे मी करतोय असं वाटतं तुला?”

“मग कोण? तूच त्यांचा खिसा रिकामा केलास.”

“खिसा रिकामा केला!” तो ओरडला. “आपा, मी त्यांना आंघोळ घातली त्या दिवशी. या हातांनी. आणि तू मला पॉइंटचोर म्हणतेस?”

अम्मी मध्ये पडली. “उन्नें नै लिया. मी सांगते ना, याने नाही घेतला.”

“मग कुणी घेतला, अम्मी?”

ती उठून आत गेली. मुलग्याला पाठीशी घालायचं म्हणजे असंच! लहानपणापासून बघतेय.

सरफराज ताटावरून उठला. चपला घालताना म्हणाला, “इद्दत संपली की अम्मीला माझ्याकडे नेतो. तोपर्यंत तुझं चेकिंग चालू दे.”

३० सप्टेंबर, मंगळवार

सरफराजचा फोन नाही. अम्मीलाही नाही.

९० पॉइंट.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मला आधी का सुचलं नाही? मेल माझा आहे म्हणजे साइटचा पासवर्ड मी बदलू शकते! बसमध्येच बदलला. आता चोराला दार बंद.

आत जाऊन बघितलं. अब्बांचं खातं पहिल्यांदाच बघत होते. भाषा: मराठी. माझी माहिती: नबीसाब, पुरुष. लग्न झालेले. घरात राहणारी माणसं: दोन. ‘मागच्या आठवड्यात तुम्ही स्वतःसाठी काय खरेदी केलं?’ उत्तर: दाढीचं ब्लेड. हे उत्तर २६ सप्टेंबरचं.

कोण हा माणूस, जो माझ्या बापाची दाढी करतोय?

आणखी वाचलं. चहात साखर: नाही. चप्पल कोणत्या नंबरची: आठ. झोप कशी लागते: पहाटे मोडते. सगळं बरोबर. एकही उत्तर चुकीचं नाही. परका कुणी असता तर काहीही दाबून मोकळा झाला असता. हा घरातलाच आहे. आता तर खात्रीच झाली. सरफराजच!

६ ऑक्टोबर, सोमवार

मेल बंद. दार लागलं.

अम्मी दोन दिवस नीट जेवलेली नाही. अंगात ताप नाही. “कायकू पूछरी?” म्हणते. सरफराजमुळे असणार. आज मी निघताना दारापर्यंत आली, म्हणाली, “फिरदोस, ती साइट बंद पडली का गं?”

“कुठली साइट?”

“तुझ्या अब्बांची.”

“तुला काय करायचंय त्याचं?”

“काय नाही. असंच.”

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीत बॉयलर बिघडला, बारालाच सोडलं. रिक्षा करून आले. दार नुसतं लोटलेलं.

अम्मी न्हाणीघराच्या पायरीवर बसली होती. नाकावर अब्बांचा चष्मा. हातात अब्बांचा फोन. ओठ हलत होते, “पा-स-व-र्ड चु-की-चा आ-हे.” बोटाने पुन्हा काहीतरी दाबायची, पुन्हा तेच वाचायची. मी मागे उभी आहे हे तिला कळलंच नाही.

मराठी वाचत होती! अक्षर अक्षर लावत, पण वाचत होती.

“अम्मी.”

तिने फोन पदराखाली लपवला. साठीची बाई, शाळेतल्या पोरीसारखी!

मला राग यायला हवा होता. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिने चष्मा काढला. मग म्हणाली, “तुमची पुस्तकं होती ना घरात, पहिलीची, दुसरीची. तुम्ही शाळेत गेलात की बघायची.”

“आणि मला खोटं का सांगितलंस? सरफराजवर मी काय काय बोलले, तू ऐकत होतीस!”

“तुम्ही बंद केलं असतं. सिम बंद, फोन बंद. मग त्यांना कोण विचारणार?”

“काय विचारणार?”

“कसे आहात. काय खाल्लं. कोणता साबण.” डोळे पुसले तिने. “रोज कुणीतरी नाव घेऊन विचारतं. मी त्यांच्याकडून सांगते.”

“सगळी उत्तरं बरोबर आहेत गं.”

“बेचाळीस वर्षं झाली,” म्हणाली.

मी तिथंच नवा पासवर्ड तिला लिहून दिला. राहिला सिमचा प्रश्न, तर अम्मीच्या खात्याला माझा नंबर जोडून घेतला की धोका नाही. तिची सही घेऊन सोमवारी बँकेत जाते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

या वहीला आजपासून कुलूप. कुणाला काय वाचता येतं, सांगता येत नाही!

१२ ऑक्टोबर, रविवार

सरफराजच्या घरी गेले. तो टेंपो धूत होता. मी सगळं सांगितलं. त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

“म्हणजे अम्मी होती म्हणून तू आलीस. सापडलं नसतं तर?”

मी माफी मागितली. नीट मागितली, दोनदा. म्हणाला, “चहा घेऊन जा. सबाने ठेवलाय.” भावजयीच्या हातचा चहा घेतला. तो आत आला नाही.

स्पीकर त्याने हप्त्यावर घेतलाय. सबाने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पार्सल आलं. नाव नबीसाब. पार्सलवाल्याने विचारलं, “सही कोण करणार, साहेब हायत का?” मी केली.

आत टेंपोत लावायचा छोटा पंखा. अम्मीने सरफराजला बोलावून घेतलं. खाटेवर बसून, अगदी अब्बांसारखी ताठ, त्याच्या हातात दिला. “घे. तुझ्या अब्बांनी पाठवलाय. उन्हात फिरतोस म्हणून.”

सरफराज पंखा छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आपा, बघ, बिल नाही याचं.” मीही हसले. दीड महिन्याने हसलो आम्ही एकमेकांकडे बघून.

मला कळतंय अम्मी काय करतेय. अब्बांना थोडं थोडं करून जाऊ देतेय. करू दे. मी मेल आता उघडून वाचते.

८ डिसेंबर, सोमवार

अम्मीची इद्दत आज संपली. सकाळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तिने आणि तशीच थांबली. म्हणाली, “ऊन किती आहे गं.”

११ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी सगळे जमलो होतो. सरफराज चंद्रिकाकाकूंना पंखा दाखवत म्हणाला, “अब्बांची शेवटची कमाई. त्यांना या वयात हे सगळं कसं जमायचं, काकू?”

काकू खदखदून हसल्या. “आरं, तुझा अब्बा कुटं चालवायचा? त्येला फोनचं कुलूप बी उघडता यायचं न्हाय! पयल्या दिवसापास्नं हीच करती की. मीच शिकिवलंय हिला. मिक्सर काय, दप्तरं काय, समदं हिचंच.”

आम्ही अम्मीकडे बघितलं. ती शेंगा सोलत होती.

“पहिलं पार्सल त्यांच्या नावावर आलं. फोन त्यांचा ना,” म्हणाली. “फिरदोस, तूच विचारलंस, ‘अब्बा, हे तुम्ही मिळवलं?’ आठ महिन्यांनी हसले ते. ‘हौ’ म्हणाले. मग मी कायकू बोलू?”

चार वर्षं आम्ही अब्बांना शुक्रिया म्हणत आलो. ती तेव्हा खाली बसून पार्सलचा फाटलेला पुठ्ठा गोळा करत असायची.