प्रायोगिक बैल क्र. ७ चा बेंदूर

॥ श्री वीतरागाय नमः ॥

कोल्हापूर,
ता. २१ जुलै १९७९

तीर्थस्वरूप तात्यासाहेबमामांच्या पायाशी भाचा बाहुबली याचा साष्टांग नमस्कार. इकडे माझी पाठ, अंजनाचे पित्त आणि गळके छप्पर सोडल्यास सर्व खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? (काढ्याने जात नसेल तर काढ्यानेच आला असेल असे माझे मत आहे; मामींना सांगू नये.) आणि तुमच्या नऊ म्हशी कशा आहेत?

तुम्ही लिहिलेत, "कोल्हापुराकडनं लाळ-खुरकूत येतोय म्हणत्यात. तू त्या जंतूंच्या कारखान्यात स्टोअरकीपर हाईस, माझ्या गोठ्याला भ्या हाय का न्हाय, खरं काय ते लिव्ह." खरेच लिहितो. त्या नऊ म्हशींच्या दुधावर तुमचे घर चालते आणि मार्गशीर्षात त्रिशलाचे लग्न व्हायचे आहे, हे मी विसरलेलो नाही.

आमच्या विषाणू संशोधन केंद्राच्या पाटीवर 'स्थापना १९६६, अतिसुरक्षित' असे कोरले आहे. पाटीवर नाही तो इतिहास असा की, हे मूळचे गुळाचे गोदाम. सरकारने घेतले, चुना मारला, दाराच्या आत आणखी एक दार बसवले, आणि झाले अतिसुरक्षित. गूळ हलला, पण मुंग्यांना कोणी कळवले नाही. तेरा वर्षे त्या एका फटीतून आत जातात आणि दुसरीतून बाहेर येतात, ना गेटपास, ना अंघोळ. मी फटी बुजवायला सिमेंट मागितले तर डायरेक्टरसाहेब म्हणाले, मुंगीला खूर नसतात, तिला हा रोग होत नाही. (परदेशात शिकून आलेला माणूस, मामा!)

अंघोळीचे सांगायचे राहिले. आत गेलेल्याने बाहेर पडताना कपडे आतच टाकून साबण लावून न्हावे, असा नियम आहे. नळाला पाणी येते सकाळी सहा ते सात आणि शास्त्रज्ञ येतात दहाला. तेव्हा ओल्या पंच्याने मान पुसायची, रजिस्टरात 'स्नान केले' म्हणून सही ठोकायची आणि तडक दूधकट्टा गाठायचा. तिथे गवळी समोर म्हैस पिळून फेसाळ दूध पेल्यात देतो, ते हे विद्वान म्हशीच्या पाठीवर हात फिरवत पितात. दिवसभर ज्या विषाणूला काचेत कोंडले, त्याच्याच गिऱ्हाइकाला संध्याकाळी कुरवाळायचे! दोन दारे कशाला बांधली, देव जाणे.

शिवाय इथल्या नोकराने घरी खूर असलेले जनावर पाळायचे नाही. सगळ्यांनी तसे लिहून दिले आहे आणि सगळ्यांच्या घरामागच्या परड्यात काहीतरी हंबरते आहे. वॉचमन हंबीररावाच्या दारात दोन रेडकं आहेत. हटकले तर म्हणतो, "माज्या मेव्हणीची हाईत, पावणी म्हणून आल्यात." चार वर्षे पाहुणचार चालला आहे. नियमाची चाड म्हणून ती एकट्या मलाच, त्यामुळे मला इथे कोणी चहासुद्धा विचारत नाही.

आता मुख्य प्रकार. आमच्याकडे प्रायोगिक बैल क्र. ७ आहे, सगळे त्याला सात्ताप्पा म्हणतात. बेंदराच्या चार दिवस आधी त्याला जिवंत विषाणू टोचले. सणादिवशी हंबीरराव साहेबांपुढे हात बांधून उभा. "सायेब, समद्या गावाची बैलं सजल्यात आन् ह्येच्या वाट्याला नुसती सुई. ह्यो बिनपूजेचा ऱ्हायला तर पाप कुणाला लागंल?" साहेबांनी तिथल्या तिथे 'पूजेस हरकत नाही' असा शेरा मारला. दोन्ही दारे सताड उघडली. सात्ताप्पाला धुतले (त्या दिवशी पाणी मिळाले!), शिंगे रंगवली, पुरणपोळी चारली, साहेबांनी स्वतः नारळ फोडला आणि हलगी लावून मिरवणूक थेट दूधकट्ट्यापर्यंत नेली. तिथल्या हौदात सात्ताप्पाने तोंड घातले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. (माझा यात काही संबंध नाही. शिंगांचा रंग स्टोअरमधून दिला, तो रीतसर सही घेऊन.)

दुसऱ्या दिवशी सात्ताप्पाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. तेव्हा साहेबांना सुचले की गावांना सावध करावे. मसुदा, त्यावर शेरा, टंकलेखन, सही, आणि मग साध्या टपालाने रवाना. परिपत्रक पोचले तेव्हा तीन गावांत म्हशींनी चारा सोडला होता. वरातीमागून घोडे ते हेच. सावध करायचे तर आधी करावे, एवढी अक्कल शेंबड्या पोरालाही असते. ज्यांच्या म्हशी आटल्या त्यांची तोंडे आठवली की यांना भर चौकात उभे करावे असे वाटते.

म्हणून सांगतो मामा, महिनाभर बाहेरचे जनावर गोठ्यात घेऊ नका, अगदी सख्ख्या नातेवाइकाचे असले तरी. मामींना नमस्कार, त्रिशलाला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बाहुबली

ता. क. : मंगळवारी मुंबईहून तपासणी येते आहे, नोकरांची परडीही बघणार म्हणे. आमच्याकडे चंद्री म्हणून एक म्हैस आहे. पाळलेली नव्हे, अंजनाच्या माहेरून आलेली आहे एवढेच. (पाळणे वेगळे, असणे वेगळे.) तिला आठ दिवस ठेवून घ्यावे. नोकरीचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा : तुमच्यापासून काय लपवायचे? मिरवणूक आमच्या दारात थांबली होती. अंजनाने सात्ताप्पाला ओवाळले आणि त्याने चंद्रीच्या घमेल्यातली पेंड खाल्ली. कालपासून चंद्रीच्या तोंडाला जराशी लाळ आहे. अंजना म्हणते, उष्णता. मीही तेच म्हणतो, पण रात्री दोनदा कंदील घेऊन तिचे तोंड बघून आलो. तिला तुमच्या म्हशींच्या जवळपासही आणू नका. लांब मळ्यात बांधा, पाणी वेगळे पाजा, तिला हात लावून गोठ्यात जाऊ नका. लिहिता लिहिता ही अक्कल आली.

ता. क. तिसरा : पोस्टात उभा राहून लिहितो आहे. मास्तर म्हणतात, उद्या रविवार, पत्र मंगळवारी मिळेल. तार केली असती, पण तारबाबू आमच्या साहेबांचा शेजारी आहे. आमच्या गल्लीतल्या कृष्णातचा टेम्पो चंद्रीला घेऊन आज सकाळीच सुटला, दुपारी तो तुमच्या दारात असेल. तिला एकटीला करमत नाही, मामांच्या नऊ म्हशींच्या मधोमध बांध, असे मी त्याला दोनदा बजावले आहे.